बिरसीहून हैदराबाद किती लांब?

गोंदिया ते नागपूर रेल्वेने १३० किलोमीटर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजत आलं की नागपूर ८३७ वर लागतं आणि गोंदिया ९६७ वर. पुढे हावडा आणखी १००१ किलोमीटर. हे आकडे या मार्गावर हयात घालवलेल्या रेल्वेवाल्यांना तोंडपाठ असतात. आता याच दोन गावांच्या विमानतळांमधलं हवाई अंतर काढा. गोंदियाचा बिरसी विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ: १३७ किलोमीटर. रूळ वळणं घेत जातात, नदीवरचा पूल गाठायला वाकडी वाट करतात, मधल्या स्टेशनांना हजेरी लावतात, तरी त्यांचं अंतर कमी. आणि आकाशातून सुतात काढलेली रेघ सात किलोमीटरने लांब!

यात चमत्कार काही नाही, पण या प्रकरणातला निम्मा मुद्दा या विसंगतीत आहे. रेल्वे स्टेशन गावाच्या पोटात असतं, विमानतळ गावाबाहेर. नागपूरचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे गोंदियाच्या विरुद्ध अंगाला. बिरसी गोंदिया शहराच्या ईशान्येला, कामठ्याच्या बाजूला दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे नागपूरच्या विरुद्ध अंगाला. दोन्ही टोकं बाहेर ओढली गेली आणि मधली रेघ ताणली गेली. दोन विमानतळांमधलं अंतर हे दोन गावांमधलं अंतर कधीच नसतं. विमानतळाच्या दप्तरात एक संदर्भबिंदू नोंदलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळचा. त्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंदांत दिलेले असतात, आणि अंतर मोजायचं ते अशा दोन बिंदूंमध्ये. त्या बिंदूपर्यंत पोचायला तुम्हाला किती वेळ लागला, याच्याशी त्या मोजणीला देणंघेणं नसतं.

हे मोजणं शाळकरी गणितानेही जमतं. बिरसी साधारण २१.५३ अंश उत्तर अक्षांश आणि ८०.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादचा शमशाबाद इथला राजीव गांधी विमानतळ १७.२४ उत्तर आणि ७८.४३ पूर्व. वजाबाकी केली की अक्षांशांत ४.२९ अंशांचा आणि रेखांशांत १.८६ अंशांचा फरक निघतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर झालं ४७६ किलोमीटर. रेखांशाचं मात्र तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात, म्हणून विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला रेखांशाचा अंश उत्तरेला सरकताना आखडत जातो. किती आखडतो, ते अक्षांशाची कोज्या सांगते. बिरसी आणि शमशाबादच्या मधला अक्षांश १९.४ धरला तर तिथे रेखांशाचा अंश जेमतेम १०५ किलोमीटर भरतो, आणि १.८६ अंशांचे होतात १९५ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण मांडायचा. एक बाजू ४७६, दुसरी १९५, आणि कर्ण ५१४. बिरसी ते शमशाबाद ५१४ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत २७८ नॉटिकल मैल. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाइतकं अंतर. अंशाची ६० मिनिटं, म्हणून अंशाचे ६० मैल. किलोमीटर सोडून हे जुनं दर्यावर्दी माप विमानविद्येने आजही धरून ठेवलंय ते या सोयीपायी: नकाशाच्या कडेची अक्षांशाची पट्टी हीच मोजपट्टी होते.

हा १११ किलोमीटरचा आकडा आपण ज्या सहजतेने वापरला, तो मिळवायला माणसांची आयुष्यं खर्ची पडली आहेत, आणि त्यातल्या एकाची कबर विदर्भात आहे. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर साखळीने पायारेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणांमागून त्रिकोण मांडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणेतून थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोचणारी ही मोजणी जगातल्या सर्वांत मोठ्या मोजण्यांपैकी एक ठरली. पृथ्वी नेमकी किती चपटी आहे आणि अक्षांशाचा अंश दक्षिणेत किती भरतो, उत्तरेत किती, हे त्याला शोधायचं होतं. नागपूरला पोचण्याआधीच जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे तो वारला. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट जगभर नाव कमावून गेला. हिंगणघाटची कबर मात्र हिंगणघाटकरांपैकीही किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. लॅम्बटनच्या खटपटीचा आपल्या हिशेबाशी थेट संबंध आहे. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने आपल्या भागात अक्षांशाचा अंश १११ पेक्षा थोडा कमी, सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो. ते धरलं तर ५१४ मधून किलोमीटर-दीड किलोमीटर वजा होतं. प्रवाशाला त्याचं सुखदुःख नसेल, पण उपग्रहाकडून जागा विचारणाऱ्या विमानाच्या संगणकाला असतं.

विमान तर उंचावरून जातं, मग त्याचं अंतर वाढत नाही का? हा प्रश्न हमखास येतो. वाढतं, पण मोजायच्या लायकीचं नाही. सहा किलोमीटर उंचीवरून हैदराबादला गेल्याने वर्तुळखंड अर्ध्या किलोमीटरने मोठा होतो. चढण्याउतरण्याच्या तिरक्या वाटेचंही तसंच: ८० किलोमीटर पुढे जाताना सहा किलोमीटर वर चढलं, तर कर्ण येतो ८०.२.

नकाशावर फूटपट्टीने ओढलेली रेघ आणि पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, यांतला फरकही गोंदिया-हैदराबादसारख्या प्रवासात डोळ्यांत भरत नाही. तो दिसतो तो लांबच्या पल्ल्याला. मुलाकडे कॅलिफोर्नियात निघालेल्या आईवडिलांना समोरच्या पडद्यावर विमान पश्चिमेला न जाता उत्तरेकडे निघालेलं दिसतं आणि ते बुचकळ्यात पडतात. टेबलावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की उलगडा होतो; ताणलेला दोरा ध्रुवाकडच्या अंगाने जातो. पण त्याहून मजेदार गोष्ट ऑक्टोबर २०१६ मध्ये घडली. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, आधीच्या मार्गापेक्षा साधारण १,४०० किलोमीटरने लांब. वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी, साडेचौदा तास. वरच्या थरांतले पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे आधी छातीवर घ्यावे लागत, ते आता पाठीवर आले. लांबची वाट आणि कमी वेळ! अंतर आणि वेळ यांचं नातं किती सैल असू शकतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता पुन्हा बिरसीकडे. ही धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली इंग्रजांनी ती केली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम खातं, मग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि २००५ च्या अखेरीपासून भारतीय विमानतळ प्राधिकरण असा तिचा ताबा फिरला. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते, हे या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पट्टी साडेसात हजार फुटांची, म्हणजे जवळजवळ २,३०० मीटरची झाली; एअरबस ए-३२० सारखं विमान उतरू शकेल अशी. प्रवासी विमान मात्र लवकर आलं नाही. आली ती वैमानिक घडवणारी शाळा.

विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून २००८ मध्ये इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू केली. धानाच्या बांध्यांवर घरघरत फिरणारी छोटी पांढरी विमानं तेव्हापासून आसपासच्या गावांच्या सवयीची झाली. अंतर आणि वेळ यांचा हिशेब या जिल्ह्यात सर्वांत कसोशीने कोण करत असेल, तर ही विशी-बाविशीतली प्रशिक्षणार्थी मुलंमुली. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून केलेला असावा लागतो. किलोमीटरमध्ये ५५६. म्हणजे बिरसी ते शमशाबाद या अंतरापेक्षाही थोडा जास्त.

अशा एका विद्यार्थिनीच्या कागदावर डोकावू. तिला बिरसीहून नागपूरला जायचंय असं धरू. अंतर १३७ किलोमीटर, म्हणजे ७४ नॉटिकल मैल. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत १२० नॉट, म्हणजे ताशी १२० नॉटिकल मैल. वारा नसेल तर ३७ मिनिटं. पण वारा पश्चिमेकडून २० नॉटने वाहतोय, आणि नागपूर बिरसीच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेलं. या वाऱ्यातला जवळजवळ सगळा भाग, सुमारे १९ नॉट, समोरून येणार. जमिनीवरून मोजलेला वेग उरला १०१ नॉट, आणि ३७ मिनिटांची झाली ४४. उरलेला थोडा वारा उजव्या कुशीवर आदळणार आणि विमानाला डावीकडे लोटणार, म्हणून नाक तीन-साडेतीन अंश उजवीकडे धरायचं. म्हणजे विमान तोंड करतं एकीकडे आणि जातं दुसरीकडे. पैलतीरावर समोरचा घाट गाठायचा तर नावाडी प्रवाहाच्या वर नाव रोखतो, तसं. परतीला तोच वारा पाठीशी येतो, वेग होतो १३९ नॉट आणि वेळ ३२ मिनिटं.

जाऊन-येऊन किती? ७६ मिनिटं. वारा नसता तर ७४. जाताना गमावलेलं येताना सगळं परत मिळत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि पाठीच्या वाऱ्याचा लाभ कमी वेळ घेतं. वारा जितका जोरात, तितकी ही तूट मोठी. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो. इंधनाचा हिशेब करताना जो हे विसरतो, त्याला शिक्षक विसरू देत नाहीत.

प्रवासी विमान बिरसीला आलं ते १३ मार्च २०२२ रोजी. फ्लायबिग कंपनीची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा, केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली. काही महिन्यांतच ती बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादला आणि हैदराबादमार्गे तिरुपतीला जोडणारी सेवा सुरू केली. लहान विमानतळांवरच्या सेवा अशाच येतात-जातात. आज काय चालू आहे ते आजच्या वेळापत्रकात पाहावं. मला रस आहे तो ही गावं का निवडली गेली यात. उडान योजनेची आखणीच मुळी अंतरावर आहे. सुरुवातीला ठरलेलं सूत्र असं, की सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास बांधलेलं राहील आणि कंपनीला येणारी तूट सरकार भरून देईल. बिरसी-हैदराबाद ५१४, बिरसी-इंदूर सुमारे ४८०. दोन्ही त्या पाचशेच्या रेघेला चिकटून.

५१४ किलोमीटर आणि एक तास, हे गणित विमानाचा वेग पाहिला तर बरोबरच वाटतं. या मार्गांवर येणारं एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जातं. भागाकार केला की एक तास दोन मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तासाच्या घरातली वेळ छापलेली असते. मधला वेळ कुठे गेला?

पहिलं म्हणजे ५०० हा वेग विमान वर पोचल्यावरचा. चढायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ते पुढे सरकतं ऐंशी-नव्वद किलोमीटर. उतरणंही सतरा-अठरा मिनिटांचं, सावकाश. दुसरं, विमान सरळ रेघेवरून जातच नाही. त्याने हवाई मार्गांवरचे ठरलेले बिंदू गाठत जायचं असतं. हैदराबादच्या उत्तरेला हाकिमपेट आणि दुंडिगल हे वायुदलाचे तळ आहेत, आणि शमशाबाद आहे शहराच्या दक्षिणेला. उत्तरेकडून येणाऱ्याला त्या तळांच्या आकाशाचं भान ठेवून पुढे यावं लागतं. आणि शमशाबादची धावपट्टी पूर्व-पश्चिम. बिरसीचं विमान येतं ईशान्येच्या बाजूने, तेव्हा पट्टीच्या रेघेत यायला त्याला मोठं वळण घ्यावंच लागतं. पुढे आणखी चार विमानं रांगेत असली, तर हे वळण नियंत्रक आणखी लांबवतो. ५१४ चे असे सहज ५४५ होतात.

सुटताना मात्र बिरसीची पट्टी हैदराबादच्या प्रवाशावर मेहरबान आहे. ती ईशान्य-नैर्ऋत्य अशी आखलेली, आणि हैदराबाद आहे दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे. नैर्ऋत्येकडे तोंड करून उडालेलं विमान वीसेक अंश वळलं की वाटेला लागलं. इंग्रजांनी पट्टी वाऱ्याची दिशा पाहून आखली असणार. हैदराबादचा लाभ आयता मिळाला.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसतेच. चाकांना लावलेले अडथळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे ते जागेवर उभं राहून अडथळे लागले की बंद. विमानवाले याला ब्लॉक टाइम म्हणतात. मोठ्या विमानतळावर जमिनीवरून रांगत जाण्यातच दहा मिनिटं जातात. शिवाय कंपन्या त्यात थोडी राखीव वेळ मुद्दाम घालून ठेवतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी कागदावर विमान वेळेवर पोचतं. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर तर उशीर म्हणून मोजलाच जात नाही. “आज विमान वीस मिनिटं आधीच उतरलं” या कौतुकाच्या उद्घोषणेत वैमानिकाचं कसब थोडं आणि वेळापत्रक आखणाऱ्याची सावधगिरी जास्त असते.

मग पंख्यांच्या विमानाऐवजी जेट का आणत नाहीत? ए-३२० ताशी ८३० किलोमीटरने जातं. वेळ निम्म्यावर यायला हवा. येत नाही. जेटला त्याच्या सोयीच्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जायलाच वीस मिनिटं आणि दोनशेच्या आसपास किलोमीटर लागतात, उतरायला तितकेच. ५४५ मधले चारशे किलोमीटर चढण्याउतरण्यात गेले, आणि ८३० चा वेग वापरायला उरले जेमतेम दीडशे. वाचतात वीसेक मिनिटं. तेवढ्यासाठी ७८ ऐवजी १८० खुर्च्या रोज भरायच्या आणि भरमसाट इंधन जाळायचं, हे कुठल्याही हिशेबनीसाला पटणार नाही. पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर पंख्यांचं विमानच शहाणं.

वेळेचा खरा घोळ मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे. बिरसीहून तिरुपती सरळ रेषेत ८८१ किलोमीटर. हैदराबादला उतरून गेलात तर ५१४ अधिक ४१८, एकूण ९३२. पन्नास किलोमीटरचा फेर, म्हणजे नसल्यातच जमा. हैदराबाद जवळपास वाटेवरच आहे. बालाजीच्या दर्शनाला निघालेल्या गोंदियाकरासाठी हा मार्ग भूगोलानेच आखून ठेवल्यासारखा. आता मुंबई घ्या. बिरसी-मुंबई सरळ ८२० किलोमीटर, तिरुपतीपेक्षा जवळ. पण हैदराबादमार्गे ती ५१४ अधिक ६२२, एकूण ११३६ होते. तीनशेहून जास्त किलोमीटर उलटी वाट. इंदूरमार्गे ९८७. त्यावर मधल्या विमानतळावरचा थांबा, जो तासाचाही असेल आणि पाच तासांचाही. नकाशावर जवळचं गाव विमानाने लांब पडतं, ते असं.

आणि कोल्हापूर? बिरसीहून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापर्यंत सरळ रेषेत ८३० किलोमीटर, जवळजवळ मुंबईइतकंच. रेल्वेने मात्र मुंबई ९६७ आणि कोल्हापूर १,३४६. गोंदिया आणि कोल्हापूर ही राज्याची दोन टोकं जोडणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर असा सगळा वळसा घेते, आणि तिच्यात बसलेला माणूस एक दिवस आणि वर चार-पाच तास गाडीतच काढतो. हवाई रेघ सुतासारखी सरळ असली तरी तिच्यावरून उडणारं विमान नाही, म्हणून हा ८३० चा आकडा बसल्या बसल्या काढण्यापुरताच.

जिल्ह्याच्या आत उतरलं की चित्र आणखी बदलतं. गोंदिया जिल्हा उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि बिरसी त्याच्या वरच्या टोकाला. अर्जुनी मोरगावच्या माणसाला बिरसी सरळ रेषेतच ऐंशीहून जास्त किलोमीटर, तेही उत्तरेकडे. नागपूरचा विमानतळ त्याला शंभरच्या थोडा पुढे. देवरी, सडक अर्जुनीच्या लोकांना राष्ट्रीय महामार्ग सरळ साकोली-भंडाऱ्याकडून नागपूरला नेऊन सोडतो. उलट बिरसीला खरा शेजार आहे तो बालाघाटचा, म्हणजे मध्य प्रदेशाचा. विमानतळ गोंदिया जिल्ह्याचा म्हटला जातो, पण वेळेच्या नकाशात जिल्ह्याचा दक्षिण भाग नागपूरचाच आहे.

मुंबईला निघालेला गोंदिया शहरातला माणूस काय करतो, ते पाहा. एक्स्प्रेसने दोनेक तासांत नागपूर, स्टेशनवरून रिक्षाने सोनेगाव, विमान सुटण्याच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, आणि ६८३ किलोमीटरच्या उड्डाणाला तिकिटावरचा दीड तास. मुंबईत बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत सात-आठ तास सहज होतात, आणि त्यातला हवेतला वेळ तासा-सव्वातासाचा. नाहीतर विदर्भ एक्स्प्रेस आहेच. दुपारनंतर बसायचं, रात्र गाडीत झोपून काढायची आणि सकाळी मुंबईत. गोंदियातूनच सुटते, म्हणून गाडी बदलायची भानगड नाही. नागपूरचं हवाई महत्त्व तसं जुनं आहे. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपाल घेऊन निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, पोत्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चारही शहरं नागपूरपासून हजार किलोमीटरच्या आत, म्हणूनच हे जमत होतं. बिरसीही तिथून १३७ किलोमीटरवर; मध्यवर्ती म्हणायला नकाशा दोघांनाही सारखाच उदार आहे.

थेट मुंबई विमानाची मागणी जिल्ह्यात उठते, ती का पूर्ण होत नाही याची कारणं अंतरात शोधण्यात अर्थ नाही. ८२० किलोमीटर एटीआरला झेपतात. दोन-सव्वादोन तास लागतील इतकंच. पट्टी जेटलाही पुरेल. अडचण मुंबईच्या टोकाला आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि उतरण्या-उडण्याच्या वेळांसाठी कंपन्यांची झुंबड असते. तशी मिळालेली एक वेळ कंपनी १८० खुर्च्यांच्या विमानाला देईल की ७८ खुर्च्यांच्या, हे उघड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ या कोंडीत थोडी फट पाडू शकतो. बिरसीहून तो ८०४ किलोमीटरवर आहे, मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळापेक्षा सोळा किलोमीटर अलीकडे. एटीआरच्या वेगाने दोन मिनिटं.